मलिक अहमद निजामशहा
मलिक अहमद निजामशहा हा अहमदनगरच्या निजामशाहीचा संस्थापक होय. बहमनी राज्याचा वजीर मलिक हसन याचा हा पुत्र. घराण्याचे मूळ गाव पाथरी. पित्याचा बिदर येथे वध झाला, तेव्हा अहमद जुन्नरला होता. त्याच्यावर चालून आलेल्या बहमनी सैन्याचा त्याने २८ मे १४९० रोजी भिंगारजवळ पराभव केला व तो स्वतंत्र झाला.

पुढे दौलताबादचे प्रकरण उद्भवले. तेथील किल्लेदार मलिक वजीह हा अहमदचा मेहुणा. वजीहचा सख्खा भाऊ मलिक अश्रफ याने त्याला व त्याच्या मुलाला ठार केले. फेरिश्ता सांगतो, की विधवा बहीण भावाकडे दाद मागण्यास जुन्नरला आली. अहमदने वेढा घातला. पण किल्ला दाद देईना. तेव्हा जुन्नर व दौलताबाद यांच्या दरम्यान, सीना नदीकाठी, इ.स. १४९४ मध्ये त्याने नवे शहर वसविण्यास प्रारंभ केला. पिकांच्या हंगामात येथून फौज जाऊन दौलताबादचा मुलूख लुटीत असे. अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) स्थापनेमागे हा हिशेब होता, हे सहसा विसरले जाते. इ.स. १४९९ मध्ये दौलताबाद त्याच्या हाती आले.

इ.स. १५१०च्या सुमारास तो मरण पावला, तेव्हा पुत्र बुऱ्हाण अवघा सात वर्षांचा होता. शहरातील बागरोजा येथे त्याची कबर आहे.