फादर थॉमस स्टीफन्स : जीवन आणि वाङ्मयसेवा



मागील घटकांत आपण ज्ञानेश्वर, नामदेव आणि एकनाथ यांच्या काव्याचा परिचय करून घेतला. प्रस्तुत घटकातील कवी महाराष्ट्रात जन्मलेला नाही. मराठी ही त्याची मातृभाषा नव्हे, आणि तिशीपर्यंत तिचा एक शब्दही त्याच्या कानांवर पडला असण्याचा संभव नाही. तरीही सतराव्या शतकातील मराठी ओवीचा इतिहास त्याला वगळून लिहिता येत नाही.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात राहून हा अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना परक्या मुलखात जाऊन तेथील बोली शिकणे म्हणजे काय, हे निराळे सांगावे लागणार नाही. कारखान्यातील शिफ्ट संपवून पुस्तक हाती घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या शेजारी उभा राहणारा कामगार कधी मराठवाड्यातून, कधी बिहारमधून, कधी ओडिशातून आलेला असतो. तो पोटासाठी येतो आणि सणाला गावी परततो. थॉमस स्टीफन्स धर्मासाठी आले आणि कधीच परतले नाहीत. हा फरक लक्षात ठेवूनच त्यांच्या चरित्राकडे पाहावे.

देशत्याग

स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात, बुश्टन या खेड्यात झाला. वडील व्यापारी होते. विंचेस्टर येथील प्रसिद्ध शाळेत त्यांचे शिक्षण झाले. पुढे ते ऑक्सफर्डला गेले, असे परंपरेने सांगितले जाते. त्यांच्या लहानपणीच राणी एलिझाबेथ गादीवर आली आणि इंग्लंडने रोमच्या पोपशी असलेला संबंध तोडला. जुन्या कॅथलिक पंथाला चिकटून राहणाऱ्यांना दंड, तुरुंगवास आणि प्रसंगी देहदंडही सोसावा लागे. घरात मिसेसाठी धर्मगुरूला आसरा देणे, हादेखील पुढे गुन्हा ठरला.

तरुण स्टीफन्सचा स्नेह थॉमस पाउंड नावाच्या एका श्रीमंत कॅथलिक गृहस्थाशी जुळला. त्याच्याबरोबर ते त्याचा नोकर म्हणून वावरत. दोघांनी रोमला जाऊन येशूसंघात, म्हणजे जेझुइट संघात, प्रवेश करण्याचे ठरवले होते. परंतु निघण्यापूर्वीच पाउंड पकडला गेला आणि त्याच्या आयुष्याची सुमारे तीस वर्षे वेगवेगळ्या तुरुंगांत गेली. स्टीफन्स एकटेच निसटले. २० ऑक्टोबर १५७५ रोजी रोम येथे त्यांना संघात नवशिक्या म्हणून प्रवेश मिळाला. मित्र तुरुंगात असतानाच त्यालाही संघात घ्यावे, यासाठी त्यांनी वरिष्ठांकडे खटपट केली आणि ती मान्य झाली. स्टीफन्सच्या स्वभावाचा हा एक पैलू आहे. ज्याच्यामुळे आपण निघालो, त्याला ते विसरले नाहीत.

मायदेशी परतणे म्हणजे फाशीचा दोर गळ्यात घालून घेणे होते. त्यांच्याच संघातील एडमंड कॅम्पियन हा इंग्रज धर्मगुरू गुप्तपणे इंग्लंडला गेला आणि १५८१ मध्ये त्याला देहदंड झाला. स्टीफन्सनी मात्र पूर्वेची वाट धरली.

पाच जहाजांचा काफिला

४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून पाच जहाजे हिंदुस्थानकडे निघाली. त्यांतील एकावर स्टीफन्स होते. गोव्यास पोहोचल्यावर, १० नोव्हेंबर १५७९ रोजी त्यांनी वडिलांना पत्र लिहून या प्रवासाची हकिकत कळवली. हे पत्र पुढे हॅक्लुइट या संग्राहकाने आपल्या सागरप्रवासांच्या ग्रंथात छापले, आणि त्यामुळे एका अज्ञात तरुणाचे घरगुती पत्र इतिहासाचे साधन बनले.

या पत्रातील निरूपण भाविकाचे कमी आणि निरीक्षकाचे अधिक आहे. प्रारंभीच एका मोठ्या इंग्रज जहाजाने त्यांच्या जहाजावर तोफा डागल्या आणि पोर्तुगीजांनी दुपटीने उत्तर दिले. आपल्याच देशाचे देखणे जहाज लुटारूपणात गुंतलेले पाहून स्टीफन्सना वाईट वाटले. विषुववृत्तावर वारा पडला, उकाड्याने अन्न नासू लागले. पूर्व-पश्चिम अंतर मोजण्याचे निश्चित साधन खलाशांपाशी नसल्यामुळे ते पक्षी, समुद्रातील शेवाळ आणि चुंबकसूचीचे विचलन यांवरून अंदाज कसा बांधतात, हेही त्यांनी बारकाईने टिपले आहे. जुलैच्या अखेरीस आफ्रिकेचे दक्षिण टोक गाठताना जहाज किनाऱ्यावर आपटता आपटता वाचले. पुढे मादागास्करच्या बाहेरून जाण्याचा लांबचा मार्ग घेतल्याने ताज्या पाण्या-अन्नाचा तुटवडा पडला. हिरड्या सुजणे, अंग फुगणे अशी लक्षणे दिसू लागली. दीडशेहून अधिक प्रवासी आजारी पडले आणि सत्तावीस मरण पावले. क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा हा रोग त्या काळी समुद्रप्रवासाचा नेहमीचा सोबती होता.

हिंदुस्थान जवळ आला असे वाटत असतानाच प्रवाहाने आपल्याला उत्तरेस सोकोत्राच्या बाजूला नेले आहे, हे खलाशांच्या ध्यानात आले. अखेर पाण्यावर तरंगणाऱ्या माडाच्या झावळ्या आणि पोहणारे साप दिसले, आणि २४ ऑक्टोबर १५७९ रोजी जहाज गोव्यास लागले. हिंदुस्थानात येऊन कायमचा राहिलेला पहिला ज्ञात इंग्रज म्हणून स्टीफन्सचे नाव घेतले जाते. ईस्ट इंडिया कंपनी स्थापन होण्यास अजून एकवीस वर्षे होती.

साष्टीतील चाळीस वर्षे

१५८० मध्ये गोव्यातच त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. त्यानंतरचे त्यांचे बहुतेक आयुष्य साष्टी प्रांतात, मडगाव आणि रायतूर यांच्या परिसरात गेले. तेथील लोक त्यांना पाद्री एस्तेव्हांव या पोर्तुगीज वळणाच्या नावाने ओळखत.

स्टीफन्स ज्या साष्टीत आले, ती शांत भूमी नव्हती. १५६० मध्ये गोव्यात धर्मन्यायासन सुरू झाले होते, आणि त्या दशकात साष्टीतील देवळे मोठ्या प्रमाणावर पाडण्यात आली होती. कुठ्ठाळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा भक्तांनी पोर्तुगीजांच्या सत्तेबाहेर, फोंड्याच्या मुलखात नेली. ती दैवते आजही तेथेच आहेत. जुनी पुराणे बाळगण्यास मनाई होती आणि पोथ्या जप्त करून नष्ट केल्या जात. जप्त झालेल्या मजकुरापैकी काही रामायण-महाभारतकथा रोमन लिपीत उतरवल्या गेल्या आणि पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात टिकून राहिल्या, हा दैवयोगच म्हणावा लागेल.

जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे ग्रामस्थांनी पाच जेझुइटांना ठार केले. त्यांत अकबराच्या दरबारात तीन वर्षे राहून नुकतेच परतलेले रूडॉल्फ आक्वाव्हिव्हा होते. याला उत्तर म्हणून पोर्तुगीजांनी गावकऱ्यांच्या पुढाऱ्यांना असोळणे येथे बोलावून चौकशीविना मारले. एका बाजूने हे हौतात्म्य आहे, तर दुसऱ्या बाजूने देवळे गमावलेल्या गावाचा उठाव. दोन्ही बाजूंची स्मृती गोव्यात जिवंत आहे, आणि अभ्यासकाने यांपैकी कोणतीही एक पुसून टाकू नये.

येथे स्टीफन्सच्या जीवनातील मूळ पेच उभा राहतो. ज्या तरुणाने स्वतःच्या देशात धर्मासाठी छळ पाहिला, मित्र तुरुंगात गेलेला पाहिला, तोच तरुण येथे अशा सत्तेच्या आश्रयाने उभा होता जी इतरांचा धर्म बळाने मोडत होती. या विसंगतीविषयी त्यांच्या मनात काय आले असेल, याचा तर्क करण्यापेक्षा त्यांनी पुढे काय केले, ते पाहणे अधिक उपयुक्त ठरेल.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी पॅरिसमध्ये असलेल्या रिचर्ड या भावाला पत्र लिहिले. येथील भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिन यांच्याशी जुळती आहे, हे निरीक्षण त्यांनी त्यात नोंदवले. सर विल्यम जोन्स यांनी कलकत्त्याला संस्कृतविषयी असाच विचार १७८६ मध्ये मांडला, म्हणजे दोनशे वर्षांनी. स्टीफन्सचे निरीक्षण मात्र घरच्या पत्रात राहिले.

त्या वर्षअखेरीस राल्फ फिच, जॉन न्यूबेरी आणि त्यांचे दोन सोबती हेर असल्याच्या संशयावरून गोव्याच्या तुरुंगात आणले गेले. हे व्यापारी इंग्रज असून राणीच्या पक्षाचे होते. स्टीफन्सनी त्यांना जामिनावर सोडवण्यास मदत केली. फिच पुढे पळाला, हिंदुस्थान फिरून १५९१ मध्ये लंडनला परतला, आणि त्याची माहिती पूर्वेकडील व्यापार उभारणाऱ्यांच्या उपयोगी पडली.

क्रिस्तपुराणाची निर्मिती

नव्याने ख्रिस्ती झालेल्या साष्टीकरांच्या हातून त्यांची पुराणे काढून घेतली होती. पण देवळाच्या मंडपात बसून ओव्या ऐकण्याची पिढ्यान्पिढ्यांची सवय कशी काढून घेणार? प्रश्नोत्तराची कोरडी धर्मपुस्तके ती जागा भरू शकत नव्हती. क्रिस्तपुराणाच्या आरंभी स्टीफन्सनी हाच प्रसंग योजला आहे. श्रोत्यांतील एक ब्राह्मण पाद्रीला विचारतो, की जुनी पुराणे बंद केलीत, तर त्यांच्या ठिकाणी आमच्यासाठी दुसरे पुराण का रचत नाही? हा प्रश्न प्रत्यक्ष कोणी विचारला असो वा नसो, तो खरा आहे. साऱ्या ग्रंथाचा उगम त्यात आहे.

ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात विश्वाच्या निर्मितीपासूनची जुन्या करारातील कथा ३६ अवस्वरांत येते, तर दुसऱ्या पुराणात येशूचे चरित्र ५९ अवस्वरांत. एकूण ओव्या १०,९६२ आहेत. अवस्वर म्हणजे आपल्या परिचयाचा अध्याय. छंद ज्ञानेश्वर-एकनाथांचाच साडेतीन चरणी ओवीचा आहे. स्वर्गासाठी वैकुंठ हा शब्द येतो, ईश्वरासाठी परमेश्वर. परकीय कथेला देशी शब्दांचा वेष चढवण्याची ही युक्ती आहे, असे काही अभ्यासक मानतात. मला ती निव्वळ युक्ती वाटत नाही. दहा हजार ओव्या लिहिणारा मनुष्य केवळ वेष चढवत नसतो; तोवर ती भाषाच त्याच्या अंगी लागलेली असते. मराठीच्या स्तुतीचा त्यांचा प्रसिद्ध खंड याची साक्ष देतो. रत्ने, फुले, सुगंध, पक्षी आणि वृक्ष यांतील उत्तमाशी तुलना करत त्यांनी सर्व भाषांत मराठीला मानाचे स्थान दिले. ही स्तुती करण्यास कोणत्याही धर्माज्ञेने त्यांना भाग पाडले नव्हते.

गद्य प्रस्तावनेत त्यांनी भाषेविषयीची आपली भूमिका स्पष्ट केली आहे. ग्रंथ मराठीत असला तरी अवघड जुने शब्द सामान्य श्रोत्यांना कळणार नाहीत, म्हणून त्यांनी त्यात स्थानिक ब्राह्मणी बोलीचे, म्हणजे आजच्या कोकणीचे, सोपे शब्द मिसळले. कोकणीसाठीही त्यांनी स्वतंत्रपणे काम केले. त्यांची कोकणी धर्मप्रश्नोत्तरी १६२२ मध्ये आणि कोकणीचे व्याकरण, इतरांनी वाढवल्यानंतर, १६४० मध्ये छापले गेले. ही दोन्ही पुस्तके पाहण्यास ते हयात नव्हते.

लिपीची अडचण

गोव्यात छापखाना १५५६ मध्येच आला होता. परंतु देवनागरीचे खिळे नव्हते. ५ डिसेंबर १६०८ रोजी स्टीफन्सनी रोममधील आपल्या संघप्रमुखांना लिहिलेल्या पत्रात, देशी भाषेतील पुस्तके देशी लिपीतच छापलेली पाहण्याची आपली अनेक वर्षांची इच्छा कळवली आणि मलबारात असे झाल्याचा दाखलाही दिला. युरोपीय लिपीला दोन डझन अक्षरे पुरतात, तर येथे सुमारे सहाशे साचे लागतील, ही अडचणही त्यांनी मांडली. जोडाक्षरे आणि बाराखडी ध्यानात घेतली, म्हणजे हा आकडा कसा आला ते कळते. विनंती फळास आली नाही. १६१६ मध्ये रायतूर येथे क्रिस्तपुराण छापले गेले ते रोमन लिपीत.

त्या वर्षी देहूच्या मोऱ्यांच्या वाड्यातील तुकाराम, परंपरेने मानलेले जन्मवर्ष १६०८ धरल्यास, आठ वर्षांचा होता. इंद्रायणीकाठच्या अभंगांना छापखाना भेटण्यास अजून दोन शतकांहून अधिक काळ लागायचा होता.

१६१९ मध्ये गोव्यात स्टीफन्सचे निधन झाले. १६४९ आणि १६५४ मध्ये पुराणाच्या पुढील आवृत्त्या निघाल्या. पण या तीनही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने देशी भाषेच्या वापरावर बंदी घातली. ग्रंथ हस्तलिखितांतून टिकला. गोव्यातून दक्षिणेकडे स्थलांतर केलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी तो मंगळूरच्या परिसरात जपला आणि गायला. तेथूनच जोसेफ सालदाना यांनी १९०७ मध्ये तो रोमन लिपीत पुन्हा छापला. देवनागरीत लिहिलेले एक हस्तलिखित लंडनमधील मार्सडन संग्रहात असल्याचे जस्टिन ॲबट यांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात दाखवून दिले. त्यातील शब्दकळा अधिक संस्कृतप्रचुर असल्यामुळे मूळ लेखन कोणत्या लिपीत झाले, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. संपूर्ण ग्रंथाची देवनागरी आवृत्ती शांताराम बंडेलू यांनी संपादित केली. ती पुण्याहून १९५६ मध्ये प्रसिद्ध झाली, म्हणजे रायतूरच्या पहिल्या छपाईनंतर ३४० वर्षांनी.