डॉक्टरांनी जास्तीत जास्त ३ वर्षं दिली होती, मितराँ १४ वर्षं जगले

साल १९८१. मे महिन्यात फ्रान्समध्ये सत्तापालट झाला आणि समाजवादी नेते फ्रान्स्वा मितराँ तिसऱ्या प्रयत्नात राष्ट्राध्यक्ष झाले. वय ६४.

निवडून येताच त्यांनी एक शब्द दिला, दर सहा महिन्यांनी आपल्या तब्येतीचा अहवाल जाहीर करायचा. त्यामागे कारण होतं. १९७४ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज पाँपिदू पदावर असतानाच वारले आणि त्यांचं गंभीर आजारपण लोकांपासून लपवलेलं होतं. तसं पुन्हा होऊ नये, अशी लोकांची अपेक्षा होती.

पण झालं उलटंच.

त्याच वर्षी मितराँ यांची पाठ आणि पाय दुखू लागले. नोव्हेंबरमध्ये तपासण्या झाल्या आणि निदान आलं, प्रोस्टेटचा कॅन्सर. तोही हाडांपर्यंत पसरलेला. हा आजार सुरुवातीला बहुतेकदा काहीच त्रास देत नाही. हाडं दुखायला लागतात तेव्हा तो ग्रंथीबाहेर पडलेला असतो. आज सर्रास होणारी पीएसएची रक्तचाचणी तेव्हा वापरात आलेली नव्हती.

डॉक्टरांचा अंदाज होता, ३ महिने ते ३ वर्षं. मितराँ यांनी हुकूम सोडला की हे देशाचं गुपित समजायचं.

मग ते इतकी वर्षं जगले कसे? या कॅन्सरला वाढायला टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन लागतं. त्याची रसद तोडली की गाठी आकसतात, हे चार्ल्स हगिन्स या डॉक्टरांनी १९४१ मध्ये दाखवलं होतं आणि त्यासाठी त्यांना १९६६ चं नोबेलही मिळालं. पसरलेला कॅन्सर यानं बरा होत नाही, फक्त दबून राहतो. कुणाचा काही महिने, कुणाचा काही वर्षं. मितराँ यांचा बराच काळ दबून राहिला.

त्यांचे खासगी डॉक्टर क्लोद ग्युब्लेर परदेश दौऱ्यांतही सोबत असायचे. कुणाला संशय येऊ नये म्हणून औषधं, सुया, सलाईनचं सामान गुपचूप न्यायचं आणि वापरून झालं की तसंच परत आणायचं. कचऱ्याच्या डब्यातली एक सुईसुद्धा सगळं फोडू शकली असती. आणि दर सहा महिन्यांनी हेच डॉक्टर तब्येत ठणठणीत असल्याच्या अहवालावर सही करायचे. न सांगणं समजू शकतं, पण इथं खोटं लिहून दिलं जात होतं.

१९८८ मध्ये मितराँ पुन्हा उभे राहिले, जिंकलेही. मतदारांना यातलं काहीच माहीत नव्हतं.

सप्टेंबर १९९२ मध्ये पॅरिसच्या कोशँ हॉस्पिटलमध्ये ऑपरेशन झालं, तेव्हा कुठे कॅन्सर जाहीर झाला. तोसुद्धा जणू आत्ताच सापडलाय अशा थाटात. १९९४ मध्ये दुसरं ऑपरेशन झालं. शेवटी शेवटी वेदना इतक्या वाढल्या की दिवसाचा बराच वेळ पलंगावर जायचा. तरी मुदत संपेपर्यंत, म्हणजे मे १९९५ पर्यंत, त्यांनी खुर्ची सोडली नाही.

त्या वर्षीचा नाताळ त्यांनी इजिप्तमध्ये आस्वानला घालवला. परतल्यावर उपचार थांबवले आणि ८ जानेवारी १९९६ ला ते गेले. वय ७९.

९ दिवसांनी ग्युब्लेर यांचं पुस्तक आलं. त्यात हे सगळं होतं, वर असाही दावा होता की १९९४ च्या अखेरीस मितराँ कारभार करण्याच्या स्थितीतच नव्हते. कुटुंब कोर्टात गेलं, दुसऱ्याच दिवशी बंदी आली. तोवर सुमारे ४० हजार प्रती खपल्या होत्या. बंदीनंतर एका सायबर कॅफेवाल्यानं अख्खं पुस्तक इंटरनेटवर टाकलं!

२००४ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयानं सांगितलं की सुरुवातीची तात्पुरती बंदी ठीक होती, कायमची नाही. पण ग्युब्लेर यांना तोवर रुग्णाचं गुपित फोडल्याबद्दल शिक्षा झाली होती आणि डॉक्टरकीही गेली होती.