गुण नसलेला विषय : कुर्ट हान

मुंबई-पुण्यातील आंतरराष्ट्रीय शाळांत अकरावी-बारावीच्या वयाची मुले ‘आयबी डिप्लोमा’च्या अभ्यासाला बसली, की घराघरांत ४५ गुणांचा हिशेब सुरू होतो. विषय ६, प्रत्येकाला ७ गुण, असे ४२. ४,००० शब्दांपर्यंतचा प्रदीर्घ निबंध आणि ‘थिअरी ऑफ नॉलेज’ यांचे मिळून आणखी ३. किमान ३ विषय वरच्या पातळीवर घ्यायचे आणि एकूण २४ गुणांच्या खाली घसरायचे नाही. या सगळ्या हिशेबात एक अट मात्र कोठेच बसत नाही. सर्जनशील उपक्रम, शारीरिक उपक्रम आणि समाजसेवा यांचा ‘कॅस’ नावाचा हा भाग. त्याला एकही गुण नाही. पण तो अपुरा राहिला, तर बाकी कितीही गुण पडोत, डिप्लोमा हाती येत नाही. अनेक पालकांना हे उगाचचे ओझे वाटते. प्रवेश परीक्षांच्या धबडग्यात मुलाने वृद्धाश्रमात जाऊन बसावे कशासाठी, हा त्यांचा प्रश्न. या प्रश्नाचे उत्तर शोधू गेले, तर वाट १०० वर्षे मागे, जर्मनीतील एका जुन्या मठापर्यंत आणि कुर्ट हान नावाच्या विलक्षण शिक्षकापर्यंत जाते.

हान यांचा जन्म ५ जून १८८६ रोजी बर्लिनमध्ये, एका सधन ज्यू उद्योजकाच्या घरी झाला. १९०४ साली, १८ व्या वर्षी त्यांना तीव्र उष्माघात झाला आणि त्याने त्यांचे सारे आयुष्य बदलून टाकले. पुढे ऊन त्यांना कधीच सोसले नाही. रुंद काठाची टोपी आणि अंधारी खोली त्यांच्या कायमच्या सोबती झाल्या. ऑक्सफर्डला शिकत असताना उन्हाळ्यात ते स्कॉटलंडच्या उत्तरेकडील थंड मोरे परगण्यात विश्रांतीसाठी जात. ऑक्सफर्ड झाले, हायडेलबर्ग, फ्रायबुर्ग, ग्योटिंगेन झाले. पण १९१४ मध्ये युद्ध पेटले तेव्हा हान पदवी न घेताच मायदेशी परतले होते. साऱ्या जगातील मुलांच्या पदविकेवर ज्याच्या विचारांचा ठसा उमटला, त्याच्या स्वतःच्या नावापुढे पदवी नव्हती, ही गंमत नोंदवण्याजोगी आहे.

युद्धकाळात परराष्ट्र खात्यासाठी ब्रिटिश वृत्तपत्रे वाचून त्यांचा अर्थ लावण्याचे काम त्यांच्याकडे होते. पुढे ते बाडेनचे राजपुत्र मॅक्स यांचे खासगी सचिव झाले. मॅक्स हे जर्मन साम्राज्याचे अखेरचे चॅन्सलर. कैसरच्या पदत्यागाची घोषणा त्यांनीच केली. पराभवानंतर दोघांच्याही मनात एकच खंत होती. विद्वानांनी भरलेल्या देशात ऐन वेळी योग्य ते बोलण्याचे आणि करण्याचे धैर्य दाखवणारी माणसे इतकी थोडी का निघाली? उत्तर म्हणून त्यांनी शाळा काढली. कॉन्स्टन्स सरोवराजवळ झालेम येथे मॅक्स यांच्या मालकीची, एके काळी सिस्टर्शियन मठाची असलेली वास्तू होती. तेथे १९२० मध्ये शिक्षणतज्ज्ञ कार्ल राइनहार्ट यांच्या साथीने मुला-मुलींची निवासी शाळा सुरू झाली.

झालेमची खरी ओळख म्हणजे तिथली दिनक्रमाची वही. सकाळची धाव, थंड पाण्याची आंघोळ, दोरीवरच्या उड्या, अभ्यासाचे ठरलेले काम अशा रोजच्या गोष्टींची यादी प्रत्येक विद्यार्थ्याकडे असे. रात्री निजण्यापूर्वी त्याने स्वतःच त्यापुढे झाले-न झाल्याची खूण करायची. शिक्षक ती वही तपासत नसत. खोटी खूण करणाऱ्याला पकडणारा कोणीच नव्हता, आणि हान यांना हवे होते तेही नेमके हेच. ज्याच्यावर पहारा आहे त्याचा प्रामाणिकपणा त्यांना फारसा मोलाचा वाटत नसे. सगळेच काही त्यांनी मुलांच्या भरवशावर सोडले होते, असे मात्र नाही. वयात येणाऱ्या मुलाला शोध, बांधणी, कला, संगीत अशा कशाचे तरी वेड लागले पाहिजे, नाहीतर त्याचे मन भलतीकडे वळते, अशी त्यांची खात्री होती आणि त्यासाठी वेळापत्रकात जागा राखलेली असे.

या शिकवणुकीची कसोटी स्वतः हान यांच्यावरच आली. ऑगस्ट १९३२ मध्ये वरच्या सायलेशियातील पोटेम्पा या गावी नाझी गणवेशधाऱ्यांनी एका कम्युनिस्ट मजुराला त्याच्या घरात, आईच्या डोळ्यांदेखत ठार मारले. मारेकऱ्यांना देहदंडाची शिक्षा होताच हिटलरने तारेने आपला पाठिंबा जाहीर केला. हान कम्युनिस्ट नव्हते. उलट राष्ट्राभिमानी आणि पुराणमतवादी वळणाचे होते. तरीही त्यांनी झालेमच्या माजी विद्यार्थ्यांना पत्र धाडले. त्यातील मागणी स्पष्ट होती : जे हिटलरच्या दलांत आहेत त्यांनी एक तर त्याच्याशी नाते तोडावे, नाहीतर झालेमशी. नाझी सत्तेवर आल्यावर मार्च १९३३ मध्ये त्यांना अटक झाली. पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनाल्ड यांच्यासह ब्रिटनमधील मित्रांनी रदबदली केली. काही दिवसांनी सुटका झाली, पण बाडेनची हद्द बंद झाली. त्याच वर्षी जुलैत, ४७ व्या वर्षी, ते निर्वासित म्हणून इंग्लंडला पोहोचले.

पुन्हा उभे राहण्यासाठी त्यांनी निवडला तो तरुणपणी ओळखीचा झालेला मोरे परगणा. तेथे १९३४ मध्ये गॉर्डनस्टन शाळा सुरू झाली. झालेममध्ये थोडा काळ शिकलेला ग्रीसचा राजपुत्र फिलिप, म्हणजे पुढे राणी एलिझाबेथ यांचे पती, हा पहिल्या विद्यार्थ्यांपैकी एक होता. शाळा समुद्राजवळ, म्हणून मुले किनाऱ्यावर वादळी रात्री पहारा देऊ लागली. या कामात हान यांना मोठी गोष्ट गवसली. समवयस्कांवर अरेरावी करणारा, अभ्यासात मागे पडलेला मुलगाही, कोणाचा तरी जीव आपल्यावर अवलंबून आहे हे कळले की बदलतो. १९४१ मध्ये जहाज कंपनीचे लॉरेन्स होल्ट यांच्या सहकार्याने वेल्समधील अ‍ॅबरडोव्ही येथे ‘आउटवर्ड बाउंड’चे पहिले केंद्र निघाले. जहाज बुडाल्यावर तरुण खलाशी वयस्करांच्या आधी हाय खातात, असे होल्ट यांचे निरीक्षण होते. ही उणीव शरीराची नसून मनाची आहे, असे दोघांचेही मत पडले.

या पद्धतीचे टीकाकारही होते आणि त्यांचे म्हणणे सोडून देण्यासारखे नाही. थंड पाणी, पहाटेची धाव आणि सततची शारीरिक परीक्षा प्रत्येक मुलाला मानवत नाही. हान १९५३ मध्ये निवृत्त झाल्यानंतर गॉर्डनस्टनला गेलेले फिलिप यांचे पुत्र चार्ल्स तेथे दुःखी होते, हे सर्वश्रुत आहे. पित्याला जिने घडवले तीच शाळा मुलाला जाचली.

सत्तरीकडे झुकलेल्या हान यांनी १९५५ मध्ये पॅरिसचे नाटो डिफेन्स कॉलेज पाहिले. काही वर्षांपूर्वी एकमेकांवर बंदुका रोखलेल्या देशांचे अधिकारी तेथे एकत्र शिकत होते. हे प्रौढांना जमते तर सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना का जमू नये, या विचारातून ‘अ‍ॅटलांटिक कॉलेज’ जन्माला आले. एके काळी अमेरिकी वृत्तपत्रसम्राट विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांच्या मालकीचा असलेला, वेल्सच्या किनाऱ्यावरील सेंट डोनॅट्सचा किल्ला दानशूर अ‍ॅन्टोनिन बेस यांनी मिळवून दिला आणि १९६२ मध्ये वर्ग भरले. पहिले मुख्याध्यापक होते रिअर अ‍ॅडमिरल डेस्मंड होअर. बुडणाऱ्यांना वाचवण्यासाठी त्यांनी विद्यार्थ्यांना हाताशी धरून नव्या धर्तीची होडी बनवली : कडक तळ, कडेने हवा भरलेली नळी. आज जगभर बचावकार्यात दिसणाऱ्या होड्यांचे मूळ तेथे आहे. त्या होडीचे पेटंट त्यांनी ब्रिटनच्या लाइफबोट संस्थेला अवघ्या १ पौंडात देऊन टाकले.

समुद्राचे काम सोपे ठरले. अडचण आली ती परीक्षेची. नाना देशांची मुले एका वर्गात, आणि शेवटी प्रमाणपत्र कोणत्या देशाचे द्यायचे? ब्रिटिश ‘ए लेव्हल’मध्ये दोन-तीनच विषय असत, ते इतर देशांना अपुरे वाटे. जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय शाळेतील शिक्षकांपुढेही हाच पेच होता. तेथील प्रयत्नांतून आणि ऑक्सफर्डचे अ‍ॅलेक पीटरसन यांच्या नेतृत्वाखाली १९६८ मध्ये इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट ही संस्था आकाराला आली. महायुद्धात आग्नेय आशियात मानसशास्त्रीय युद्धाची बाजू सांभाळणारे पीटरसन हे माउंटबॅटन यांच्या हाताखालचे अधिकारी. आणि भारताचे हे अखेरचे व्हाइसरॉय १९६८ पासून ‘युनायटेड वर्ल्ड कॉलेजेस’चे अध्यक्ष होते. १९७१ मध्ये अ‍ॅटलांटिक कॉलेजने ‘ए लेव्हल’ सोडून केवळ आयबीचा स्वीकार केला.

आयबी ही हान यांची निर्मिती नव्हे. अभ्यासक्रमाच्या तपशिलात त्यांना फारसे स्वारस्यही नव्हते. पण वर्गाबाहेरचे काम हा शिक्षणाचा अविभाज्य भाग आहे, ही त्यांची धारणा अ‍ॅटलांटिक कॉलेजच्या वाटेने डिप्लोमाच्या अटींत शिरली. प्रारंभी तिचे स्वरूप सर्जनशील, सौंदर्यविषयक किंवा समाजसेवेच्या कामाचे होते. पुढे तिचेच ‘कॅस’ झाले. दीर्घकाळ तिच्यासाठी सुमारे १५० तासांचा दंडक होता आणि मुले सेवेचे तास जमाखर्चाच्या वहीत मांडल्यासारखे मोजत. गेल्या दशकात तासांची मोजणी वगळून अनुभव आणि त्यावरचे चिंतन यांवर भर आला. करुणा सक्तीची करता येते का, हा पेच मात्र तासांबरोबर गेलेला नाही. हान यांच्या वहीवर कोणाची सही लागत नसे. आजच्या विद्यार्थ्याला पुरावे, छायाचित्रे आणि शिक्षकाची मंजुरी लागते.

१९९७ मध्ये पुण्याजवळ मुळशी तालुक्यात युनायटेड वर्ल्ड कॉलेजची भारतीय शाखा सुरू झाली. अनेक देशांतील मुले तेथे दोन वर्षे राहून आयबीचा अभ्यास करतात आणि आसपासच्या गावांत कामाला जातात. हे पाहायला हान नव्हते. १९७४ च्या १४ डिसेंबरला, ८८ व्या वर्षी, झालेमच्या परिसरातील हेर्मान्सबर्ग येथे त्यांचे निधन झाले. ज्या भूमीतून त्यांना हाकलले गेले होते, तेथेच त्यांचे दफन झाले.