आंतरभारतीचे स्वप्न पाहणारे साने गुरुजी

‘श्यामची आई’ लिहिणारे साने गुरुजी महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचले आहेत. परंतु अनेक भाषांच्या आणि अनेक धर्मांच्या या देशात देशभक्ती कशी करावी, या प्रश्नाला त्यांनी आपल्या आयुष्याने जे उत्तर दिले, त्याकडे आपले फारसे लक्ष गेलेले नाही.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगड या गावी झाला. १९२४ पासून सहा वर्षे ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. तेथील छात्रालयाचा कारभारही त्यांच्याकडे होता. मुलांचे अस्ताव्यस्त कपडे ते मुकाट्याने आवरून ठेवीत आणि मुलांसाठी रोज स्वहस्ते ‘छात्रालय दैनिक’ लिहून काढीत. १९३० साली सविनय कायदेभंगाची हाक आली, तेव्हा ही आवडती नोकरी सोडून ते चळवळीत उतरले.

पुढे तुरुंग हीच त्यांची पाठशाळा झाली. धुळ्याच्या तुरुंगातून त्यांची रवानगी दूर दक्षिणेत त्रिचनापल्लीस झाली. सभोवती परभाषिक बंदी. सारेच एका ध्येयासाठी आलेले, पण एकमेकांचे शब्द मात्र कळत नाहीत! ही उणीव गुरुजींच्या मनाला लागली. त्यांनी तेथे तमिळ शिकण्यास प्रारंभ केला. बंगालीचीही ओळख करून घेतली. तिरुवळ्ळुवरांचा ‘कुरळ’ हा थोर ग्रंथ त्यांनी पुढे मराठीत आणला. शिक्षा म्हणून मिळालेल्या परमुलखाला त्यांनी असे आपले घर केले. आणि विशेष हे, की १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिणारे हेच गुरुजी होते. मातृभाषेवरील प्रेम त्यांना इतर भाषांकडे जाताना कधी आड आले नाही.

देश जोडायचा तर घरातील भिंती आधी पाडल्या पाहिजेत, हेही त्यांनी ओळखले होते. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुले व्हावे म्हणून त्यांनी महाराष्ट्रभर दौरा केला आणि १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषण आरंभिले. देश स्वतंत्र होण्यास तेव्हा जेमतेम साडेतीन महिने उरले होते. मंदिर खुले करण्याचा निर्णय झाल्यावरच ते उपोषण सुटले. फाळणीने हिंदु-मुसलमानांची मने दुभंगली असतानाही त्यांची दृष्टी गढुळली नाही. ‘भारतीय संस्कृती’ लिहिणाऱ्या त्याच लेखणीने ‘इस्लामी संस्कृती’ही लिहिली. गांधीजींच्या हत्येनंतर त्यांनी एकवीस दिवसांचे उपोषण केले आणि १५ ऑगस्ट १९४८ रोजी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले.

स्वराज्य आले, पण प्रांताप्रांतांतील दुरावा संपला नव्हता. भाषावार प्रांतरचनेची चर्चा जोरात होती. रवींद्रनाथांच्या ‘विश्वभारती’वरून गुरुजींना ‘आंतरभारती’ची कल्पना स्फुरली. निरनिराळ्या प्रांतांतील तरुणांनी एकत्र राहावे, एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, साहित्य, कला आणि चालीरीती जाणून घ्याव्यात, अशी संस्था त्यांना हवी होती. १९४९ च्या पुण्याच्या साहित्य संमेलनात त्यांनी ही कल्पना मांडली आणि निधीसाठी खटपटही आरंभिली. पण ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच आपली जीवनयात्रा संपविली. एवढे प्रेम वाटणाऱ्या मनात केवढे दुःख साठले होते, याची कल्पनाच करवत नाही.

पुढे भाषावार राज्ये झाली. १९६० साली महाराष्ट्रही झाला. प्रत्येक भाषेला तिचे हक्काचे अंगण मिळाले, हे योग्यच झाले. परंतु शेजारच्या अंगणात डोकावण्याची सवय आपण लावून घेतली का? आपल्यापैकी कितीजणांना कन्नड किंवा गुजराती वाचता येते? तमिळ, बंगाली तर दूरच राहिली. ज्याची भाषा, सण आणि सुखदुःखे आपल्याला ठाऊक नाहीत, त्याला बंधू म्हणणे सोपे असते. तसे वागणे अवघड असते. विद्यार्थिमित्रहो, या वर्षी शेजारच्या एका भाषेची मुळाक्षरे जरी आपण गिरविली, तरी गुरुजींच्या अपुऱ्या स्वप्नाची एक वीट आपल्या हातून रचली जाईल.