विश्लेषण : प्रवेश ४२ जणींना, पूर्ण केले चौघींनी! पहिल्या कृष्णवर्णीय प्रशिक्षित नर्स मेरी महोनी कोण होत्या?

नर्सिंगला प्रवेश मिळाला की अर्धी लढाई जिंकली, असे अनेक विद्यार्थी आणि पालकांना वाटते. मेरी इलायझा महोनी यांच्या बाबतीत खरी परीक्षा प्रवेशानंतर सुरू झाली.

प्रवेश कसा मिळाला?
महोनी यांचा जन्म १८४५ मध्ये अमेरिकेतील बोस्टनचा. आई-वडील गुलामगिरीतून मुक्त झालेले. बोस्टनच्या ‘न्यू इंग्लंड हॉस्पिटल फॉर विमेन अँड चिल्ड्रन’मध्ये त्यांनी सुमारे १५ वर्षे काम केले, स्वयंपाक, धुणी, साफसफाई असे पडेल ते. याच रुग्णालयाच्या नर्सिंग स्कूलमध्ये १८७८ मध्ये त्यांना प्रवेश मिळाला. वयोमर्यादा ३१ असताना त्या ३३ वर्षांच्या होत्या.

अभ्यासक्रम किती कठीण होता?
कोर्स १६ महिन्यांचा. पहिले वर्षभर मेडिसिन, सर्जरी आणि प्रसूती विभागांत ड्युटी. सोबत डॉक्टरांची लेक्चर्स. दिवस पहाटे साडेपाचला सुरू व्हायचा आणि रात्री साडेनऊला संपायचा. शेवटचे चार महिने रुग्णांच्या घरी राहून सेवा करायची. म्हणजे थिअरी आणि प्रॅक्टिकल एकाच वेळी, तेही जवळपास विश्रांतीशिवाय. त्यांच्या तुकडीतील ४२ पैकी केवळ चौघींनी कोर्स पूर्ण केला. १८७९ मध्ये प्रमाणपत्र मिळवणाऱ्या त्या चौघींत महोनी होत्या. रुग्णालयाचा दिनक्रम त्यांच्या आधीच अंगवळणी पडला होता, हे इथे विसरून चालणार नाही.

पुढे काय केले?
प्रमाणपत्र हाती आले, तरी कृष्णवर्णीय नर्सना रुग्णालयांत सहज नोकरी मिळत नव्हती. महोनी यांनी अनेक वर्षे खासगी नर्स म्हणून काम केले. बहुतेक कुटुंबे श्रीमंत आणि गोरी होती. नर्सला मोलकरणीसारखे वागवण्याची तेव्हा पद्धत होती. महोनी त्या घरांत नोकरांच्या पंगतीला न बसता स्वयंपाकघरात एकट्या जेवत.

१९०८ मध्ये कृष्णवर्णीय पदवीधर नर्सची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. १९०९ च्या पहिल्या अधिवेशनात स्वागताचे भाषण महोनी यांनी केले आणि नर्सिंग शिक्षणातील भेदभावावर बोट ठेवले. १९२० मध्ये अमेरिकेत महिलांना मताधिकार मिळताच मतदार नोंदणी करणाऱ्या बोस्टनमधील पहिल्या काही महिलांत त्या होत्या.

४ जानेवारी १९२६ रोजी त्यांचे निधन झाले. संघटनेने १९३६ मध्ये त्यांच्या नावाने पुरस्कार सुरू केला. तो आजही दिला जातो.