आकाशमार्गाचे अग्रदूत

विमान चालविण्यास धैर्य लागते, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु केवळ धैर्याच्या बळावर कोणी उत्तम वैमानिक होत नाही. त्या धैर्यास शिस्तीची, वक्तशीरपणाची आणि दुसऱ्याविषयीच्या आस्थेची जोड असावी लागते. जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांच्या चरित्रावरून हे स्पष्ट होते.

जहांगीर यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिस येथे झाला. त्यांचे वडील पारशी व आई फ्रेंच होती. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर हार्दलो या गावी हे कुटुंब सुटीत राहावयास जाई. १९०९ साली विमानाने इंग्लिश खाडी ओलांडणारे लुई ब्लेरियो यांचेही घर त्याच परिसरात होते. समुद्राच्या वाळूवर उतरणारी विमाने पाहून बालक जहांगीर देहभान विसरत असे. पंधराव्या वर्षी त्यांना विमानातून एक फेरी मारावयास मिळाली आणि आपण वैमानिक व्हावयाचेच, असा त्यांच्या मनाने निश्चय केला. हा निश्चय सिद्धीस जाण्यास सुमारे दहा वर्षे लागली. मुंबईत फ्लाइंग क्लब निघाल्यावर त्यांनी विमानविद्येचे शिक्षण घेतले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना परवाना मिळाला. भारतात दिल्या गेलेल्या वैमानिकांच्या परवान्यांत त्याचा क्रमांक पहिला होता.

त्या सुमारास आगाखान यांनी एक पारितोषिक जाहीर केले. इंग्लंड व हिंदुस्थान यांमधील प्रवास एकट्याने विमानातून प्रथम पुरा करणाऱ्या हिंदी माणसास ५०० पौंड मिळावयाचे होते. मे १९३० मध्ये जहांगीर कराचीहून निघाले. इजिप्तमधील अबुकीर येथे उतरतात तो त्यांना अस्पी इंजिनिअर हा अवघा सतरा वर्षांचा प्रतिस्पर्धी भेटला. तो इंग्लंडहून हिंदुस्थानाकडे निघाला होता. पण विमानाच्या इंजिनासाठी स्पार्क प्लग नसल्यामुळे अडकून पडला होता. जहांगीर यांनी आपल्याजवळचा प्लग काढून त्यास दिला. अस्पी कराचीस आधी पोहोचला आणि पारितोषिकाचा मानकरी ठरला. जहांगीर यांना थोडक्या अंतराने हार पत्करावी लागली. परंतु त्याचे त्यांना कधीही वैषम्य वाटले नाही. हाच अस्पी पुढे १९६० साली भारतीय वायुदलाचा प्रमुख झाला.

लंडनहून येणारे टपाल कराचीपर्यंत विमानाने येत असे. ते पुढे मुंबई व मद्रास येथे नेण्याचे काम टाटांनी अंगावर घेतले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जहांगीर टपालाच्या थैल्या घेऊन, पस मॉथ नावाच्या लहानशा विमानातून कराचीहून उडाले. विमानात बिनतारी यंत्र नव्हते. अहमदाबादेस पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले! तेथून निघून ते मुंबईस जुहूच्या मैदानावर उतरले. पुढील मार्ग त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिंटसेंट यांनी बल्लारीवरून मद्रासपर्यंत आक्रमिला. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई, तेव्हा विमाने पुण्याहून निघत. तरीही पहिल्या वर्षभरात टपालास कधी विलंब झाला नाही. ज्याची पत्रे आपण वाहून नेतो, तो कोठे तरी वाट पाहत आहे, हे भान या कामात अखंड राखले गेले.

याच रोपट्यातून पुढे एअर इंडिया उभी राहिली. ८ जून १९४८ रोजी तिचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून लंडनला निघाले. १९५३ साली विमानव्यवसायाचे राष्ट्रीयीकरण झाले, तरी १९७८ पर्यंत तिचे अध्यक्षपद जहांगीर यांनीच भूषविले. प्रवासात ते पडद्यांपासून चहापर्यंत प्रत्येक बाब न्याहाळीत व उणिवा टिपून ठेवीत. १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांनी कराची ते मुंबई हा प्रवास पुन्हा एकट्याने केला. १९९२ मध्ये त्यांना भारतरत्न हा किताब मिळाला. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले.

मुलांनो, तुमच्यापैकी कोणास वैमानिक व्हावेसे वाटत असेल. आज व्यावसायिक परवान्यासाठी वयाची अठरा वर्षे पुरी व्हावी लागतात आणि २०० तासांच्या उड्डाणाचा अनुभव लागतो. पण वेळ पाळणे, काम चोख करणे आणि अडलेल्यास हात देणे, यांचा अभ्यास मात्र आजपासूनच करता येतो.