ढ शिक्का पुसणारे आल्फ्रेड बिने



वर्गात चुळबुळ करणारा, भांडणारा, उलट बोलणारा मुलगा ढच असतो का? तेरा-चौदा वर्षांचा मुलगा असा वागू लागला, की शाळा बुद्धिमापन चाचणी सुचवते आणि आम्हा आईबाबांच्या पोटात गोळा येतो. म्हणून आज या चाचणीच्या जनकाची ओळख करून घेऊ.

आल्फ्रेड बिने यांचा जन्म ८ जुलै १८५७ रोजी आजच्या फ्रान्समधील नीस येथे झाला. शिक्षण कायद्याचे, मानसशास्त्र मात्र ते पॅरिसच्या ग्रंथालयात बसून स्वतःच शिकले. संमोहनावरचे त्यांचे सुरुवातीचे प्रयोग चुकीचे ठरले. ती चूक त्यांनी मान्य केली आणि पुढे ते फार सावधपणे काम करू लागले. त्यांना मादलेन आणि आलीस या दोन मुली. एक विचारपूर्वक पाऊल टाकणारी, दुसरी चंचल, कल्पनेत रमणारी. प्रत्येक मुलाची विचार करण्याची रीत वेगळी, हे त्यांनी घरातच पाहिले.

१९०४ साली फ्रेंच सरकारने अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलांसाठी समिती नेमली. बिने तिचे सभासद होते. द्वाड मुलाला मंदबुद्धी ठरवून वर्गाबाहेर घालवणे सोपे होते. केवळ शिक्षकांच्या मतावर निर्णय होऊ नये, म्हणून १९०५ मध्ये बिने आणि डॉ. तेओदोर सिमाँ यांनी सोप्याकडून अवघडाकडे जाणाऱ्या ३० चाचण्या रचल्या. वस्तूंची नावे सांगणे, ऐकलेले आकडे पुन्हा म्हणणे, दोन वजनांतले जड ओळखणे, अशा. १९०८ मध्ये त्या ३ ते १३ वर्षे वयाप्रमाणे लावल्या. बुद्धी वाढवता येते, असे बिने मानत. लक्ष एकाग्र व्हावे म्हणून ते मुलांना चक्क आपल्या स्टॅच्यूसारखा खेळ देत!

१८ ऑक्टोबर १९११ रोजी, वयाच्या ५४ व्या वर्षी ते वारले. पुढे अमेरिकेत याच चाचणीने इंग्रजी न येणाऱ्या कित्येक स्थलांतरितांना मंदबुद्धी ठरवले. आपल्याकडे मात्र व्ही. व्ही. कामत यांनी ती मराठी आणि कानडी मुलांसाठी नव्याने घडवली. त्यांचे पुस्तक १९४० साली निघाले.

आम्ही सॉफ्टवेअरवाले रोज चाचण्या घेतो, त्या प्रोग्रॅमला नापास करायला नव्हे, तर अडते कुठे ते कळावे म्हणून. ब्लँचर्डस्टाउनमधल्या आपल्या मुलांची चाचणी झाली, तर घरी मराठी बोलतो हे तज्ज्ञांना आवर्जून सांगू. आणि आकडा किती, हे विचारण्याआधी मदत कोणती, हे विचारू.